खाता येणाऱ्या शाईचं पेन

केकवर कोनाने इंग्रजीत नाव लिहिणं त्यामानाने सोपं. देवनागरीत हात अडतो. 'ज्ञानेश्वरी' लिहायला घ्या, 'ज्ञ'च्या गाठीत क्रीम साचतं, मात्रा शिरोरेषेला चिकटते आणि 'श्व'चा नुसता गोळा होतो. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात घरून केकच्या ऑर्डरी घेणारी एखादी ताई बारशाच्या केकवर असं नाव घालायला बसली, तर तिच्या मनात हमखास येईल, की शाळेतल्या स्केच पेनसारखं काही असतं तर किती बरं झालं असतं. तसं पेन असतं. 'एडिबल इंक पेन' किंवा नुसतं 'फूड पेन' म्हणून ते ऑनलाइन मिळतं. विल्टन, अमेरिकलर या अमेरिकी कंपन्यांची अशी पेनं आहेत आणि इतरही बऱ्याच नावांनी ती विकली जातात. कर्जत तालुक्यातल्या गावातही ती कुरिअरने घरपोच येतात.

आल्यावर पहिल्याच केकवर निराशा होण्याची शक्यता मात्र मोठी. क्रीमवर रेघ उमटत नाही, टोक बरबटतं आणि पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. पेन चांगलंच असतं. ते कशावर चालतं आणि कशावर नाही, हे डब्यावर कुणी नीट लिहीत नाही, एवढंच. आणि ते समजून घ्यायचं असेल तर त्या पेनातल्या पाण्याच्या मागे जावं लागतं.

पेनाची रचना अगदी स्केच पेनाची. संपलेलं एखादं स्केच पेन मागचं बूच काढून उघडा. आत कापसासारखी दिसणारी एक कांडी असते, ती बहुधा पॉलिएस्टरच्या धाग्यांची. शाई बाटलीतल्यासारखी मोकळी नसते. ती या धाग्यांच्या मधल्या फटींमध्ये धरून ठेवलेली असते. पुढच्या टोकालाही तसेच धागे, पण ते दाबून, घट्ट बांधून टणक केलेले. समईत तेल वातीवर चढतं ते ज्या केशाकर्षणाने, त्याच केशाकर्षणाने शाई कांडीतून टोकाकडे येते. फट जितकी बारीक तितकी ओढ जास्त, हा इथला नियम. कांडीतल्या फटी थोड्या मोठ्या आणि टोकातल्या बारीक ठेवलेल्या असतात, म्हणून शाई आपोआप टोकाशी जाऊन थांबते. पेन उलटं धरलं तरी ती गळत नाही. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी टोकाच्या आजूबाजूला बारीकशी वाट ठेवलेली असते.

टोकापर्यंत आलेली शाई तिथून पुढे कोण ओढतं? कागद ओढतो. कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंची जाळी. तिच्या फटी टोकातल्या शाईला आपल्याकडे खेचून घेतात आणि रेघ उमटते. लिहिण्याचं निम्मं काम कागद करत असतो, हे आपल्या लक्षातच येत नाही. खाण्याच्या पदार्थावर नेमका हाच निम्मा भाग बेभरवशाचा होतो.

आता शाई. तिच्यात सगळ्यांत जास्त असतं ते पाणी. त्यात खाण्याचे रंग विरघळवलेले असतात. नुसतं रंगीत पाणी भरलं तर टोपण उघडं राहिलेल्या पहिल्याच दुपारी टोक वाळून कडक होईल, कारण पाणी उडून जातं आणि रंगाचे स्फटिक फटींमध्ये अडकून बसतात. म्हणून त्यात प्रॉपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरिन घालतात. दोन्ही द्रव पाण्याला धरून ठेवतात आणि शाईला थोडा दाटपणा देतात. काही शाईंत अल्कोहोलही असतं, म्हणजे पदार्थावर रेघ लवकर सुकते. इथे एक पेच आहे. पेनात शाई सुकू नये आणि पदार्थावर मात्र लगेच सुकावी, अशा दोन उलट मागण्या एकाच द्रवाकडून असतात. ग्लिसरिन जास्त झालं तर अक्षर चिकट राहतं, कमी झालं तर टोक बंद पडतं. पेन चांगलं की वाईट, हे बरंचसं या तोलावर ठरतं.

पाणी आहे म्हणजे बुरशी आणि जिवाणूही आलेच. त्यांना रोखायला सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट घालतात. लोणच्या-सरबतांच्या बाटल्यांवर हीच नावं दिसतात. बेंझोएट आंबट माध्यमातच नीट काम करतं, म्हणून जोडीला सायट्रिक आम्ल येतं. आणि आम्ल आलं की रंगांची निवडही बदलते. एरिथ्रोसिन हा छान गुलाबी रंग आम्लात विरघळलेला राहत नाही, साका होऊन तळाशी बसतो; शिवाय उजेडात तो लवकर उडतो. त्यामुळे लाल-गुलाबी छटांसाठी कार्मोइसिन किंवा पॉन्सो ४आर यांसारखे रंग जास्त सोयीचे पडतात. कुंपणावरच्या गोकर्णाच्या फुलांचा निळा रंग कितीही देखणा असला तरी लिंबू पिळलं की जांभळ्याकडे झुकतो. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही आणि उन्हात फिका पडतो. बिटाचा रंग उष्णतेने मावळतो. 'नैसर्गिक रंगांचं पेन का मिळत नाही' असं विचारणाऱ्यांना हे उत्तर. काही मिळतातही, पण त्यांच्या छटा मवाळ आणि आयुष्य कमी.

भारतात खाण्यात घालायला परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांची यादी लहान आहे: टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो ४आर, एरिथ्रोसिन, इंडिगो कार्मिन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. एकूण आठ. डब्यावर ते बऱ्याचदा क्रमांकाने लिहितात. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, १३३ म्हणजे ब्रिलियंट ब्लू. मिठाई, केक, बिस्किटं अशा बहुतेक पदार्थांत हे रंग, ज्यात घालायला मुभा आहे त्यात, तयार पदार्थाच्या किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतात.

हा आकडा पेनाच्या बाबतीत कसा लागू पडतो, याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. समजा शाईत रंगाचं प्रमाण ५ टक्के आहे आणि एक नाव लिहायला साधारण एका बारीक थेंबाएवढी, ५० मिलिग्रॅम शाई गेली. म्हणजे रंग गेला अडीच मिलिग्रॅम. केक अर्ध्या किलोचा असेल तर किलोमागे प्रमाण झालं ५ मिलिग्रॅम, मर्यादेचा विसावा भाग. काळजीचं कारण नाही. आता तेवढीच शाई १० ग्रॅमच्या एका बिस्किटावर घासा. किलोमागे प्रमाण झालं २५० मिलिग्रॅम, मर्यादेच्या अडीचपट. ही उदाहरणापुरती गृहीत धरलेली संख्या आहे, प्रत्येक पेनात ती वेगळी असेल, पण मुद्दा पक्का आहे. लिहिण्यासाठी पेन ठीक. मुलांच्या हातात देऊन बिस्किटं कडेपासून कडेपर्यंत रंगवून घेण्यासाठी नाही. पाकिटांवरच्या चित्रांत नेमकं तेच दाखवलेलं असतं, हा भाग निराळा.

युरोपीय संघात २०१० पासून सहा कृत्रिम रंगांच्या पदार्थांवर 'मुलांच्या वागण्यावर आणि लक्ष देण्यावर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. आपल्या आठांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो हे चार त्या सहांत आहेत. त्यामागे ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचा २००७चा अभ्यास होता. त्याच्या निष्कर्षांवर वाद झाले, पण सूचना कायम राहिली. घाबरून जावं असं त्यात काही नाही. हात आखडता ठेवावा, एवढं मात्र नक्की.

काळ्या पेनाची एक गंमत आहे. खाण्याच्या रंगांच्या या यादीत काळा रंगच नाही. मग काळी रेघ येते कुठून? निळा, लाल आणि पिवळा एकत्र करून. हे घरी किंवा शाळेत तपासता येतं. फळ्यावर लिहायचा पांढरा खडू घ्या. खालून बोटभर अंतर सोडून त्याच्याभोवती काळ्या फूड पेनने एक गोल रेघ ओढा. बशीत थोडं पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खडू त्यात उभा करा, रेघ पाण्याच्या वर राहील असा. पाणी खडूच्या फटींतून वर चढायला लागतं आणि चढताना रंगांना बरोबर नेतं. पण प्रत्येक रंग खडूला कमी-जास्त चिकटतो, म्हणून कुणी पुढे जातो, कुणी मागे रेंगाळतो. थोड्या वेळात काळ्याचे पट्टे वेगळे झालेले दिसतात. हाच वेगळेपणा ओल्या फॉन्डंटवर, म्हणजे केकवर लाटून घालायच्या साखरेच्या कणकेवर, नकोसा होतो. काळ्या अक्षराभोवती निळसर किंवा लालसर कडा दिसली, तर समजावं की खालचा थर वाळलेला नव्हता आणि खडूवरचा प्रयोग केकवर होऊन गेला.

आणि पांढरं पेन? या पद्धतीचं पांढरं पेन करताच येत नाही. विरघळलेले रंग पारदर्शक असतात. पांढऱ्यावर ते दिसतात, गडद चॉकलेटवर दिसत नाहीत. पांढऱ्यासाठी न विरघळणारी बारीक पूड लागते आणि पूड धाग्यांच्या फटीत अडकते. औषधाच्या रंगीत कॅप्सूलवर पांढऱ्या किंवा काळ्या बारीक अक्षरांत कंपनीची खूण छापलेली असते, तीही खाण्याचीच शाई. पण तिथे लाखेपासून केलेल्या शेलॅकच्या द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइडची पूड कालवलेली असते आणि ती यंत्राच्या रुळाने उमटवतात, पेनाने नाही. यातलं टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतून बाद केलं. औषधांत ते अजून चालतं.

फोटो केकवरचं चित्रही याच घराण्यातलं. साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये खाण्याच्या शाईची काडतुसं घालून स्टार्चच्या किंवा साखरेच्या पातळ शीटवर ते छापतात. प्रिंटर मात्र कोरा हवा. ज्यात आधी ऑफिसची शाई वापरली आहे, त्याच्या नळ्यांत आणि छापणाऱ्या भागात ती उरलेली असते.

आता खरा प्रश्न, लिहायचं कशावर. पेन पाण्याचं आहे, हे लक्षात ठेवलं की बरीचशी उत्तरं आपली आपण मिळतात. जिथे तूप, लोणी, तेल किंवा कोको बटर पृष्ठभागावर आहे, तिथे ही शाई थेंब होऊन मागे सरते. म्हणून बटरक्रीमवर नाही, चॉकलेटवर नाही, पेढ्यावर नाही आणि खोबऱ्याच्या वाटीवरही नाही. चॉकलेटसाठी तेलात मिसळणारे वेगळे रंग असतात. जिथे पृष्ठभाग मुळातच ओला आहे, तिथे शाई उमटते पण पसरते. गरम भाकरी किंवा ताजी बर्फी यांवर अक्षर टिकायचं नाही. गावोगावच्या बेकऱ्यांमध्ये दिसणारा केक बहुतेक व्हिप क्रीमचा असतो; त्यात चरबीही आहे, पाणीही आहे आणि वर ते मऊ. पेनाच्या दृष्टीने यापेक्षा वाईट कागद शोधून सापडणार नाही.

चालतं ते कोरड्या, टणक आणि चरबी नसलेल्या पृष्ठभागावर. उकडलेल्या अंड्याच्या कवचावर झकास, कारण कवचाला बारीक छिद्रं असतात. साध्या गोड बिस्किटावर बऱ्यापैकी. रेघ थोडी फुटते. बत्ताशावर हलक्या हाताने, कारण साखर त्या ओलाव्याने विरघळते. रॉयल आयसिंग म्हणजे पिठीसाखर आणि अंड्यातला पांढरा बलक यांचं मिश्रण, ते वाळून खडखडीत होतं, त्यावर सगळ्यांत छान. फॉन्डंटवरही चांगलं, पण तो आधी वाळू द्यायला हवा. शाकाहारी घरांत फॉन्डंट घेताना त्यात जिलेटिन आहे की नाही तेही पाहून घ्यावं.

लग्नातल्या रुखवतासाठी ही पेनं उपयोगी पडतील असं मला वाटतं, आणि तिथे ती फारशी कुणी वापरताना दिसत नाही. रुखवतात सजवलेले पापड, सुपाऱ्या, नारळ, बिस्किटांची घरं मांडतात. सजावटीला सर्रास ऑइल पेंट आणि चमकी वापरतात. मग ते मांडलेलं निम्मं खाण्याचं असतं आणि निम्मं फक्त पाहण्याचं, आणि कोणतं कोणतं ते पाहुण्यांना कळत नाही. वाळलेला पापड हा या पेनासाठी चांगला कागद आहे. तळला की पापडाबरोबर अक्षरंही फुगतात, एवढं लक्षात ठेवावं. रंग पाण्यात विरघळणारा, त्यामुळे तेलात तो फारसा उतरत नाही.

मग व्हिप क्रीमच्या केकचं काय करायचं? अक्षर केकवर लिहायचंच नाही. फॉन्डंटची पातळ पोळी लाटायची, पाटीच्या आकारात कापायची, लाटताना टायलोज नावाची गोंदासारखी पूड थोडी मळली तर पाटी ताठ होते. ती रात्रभर पंख्याखाली वाळवायची. वर पिठीसाखर किंवा कॉर्नफ्लोअर राहिलं असेल तर कोरड्या ब्रशने झटकून टाकायचं, कारण पेनं बंद पडण्याचं नेहमीचं कारण शाई संपणं हे नसून टोकात हे पीठ घुसणं हे असतं. मग टोक न दाबता, पेन थोडं आडवं धरून लिहायचं. आधी शिरोरेषा ओढली तर अक्षरं सरळ येतात, पण ओल्या शिरोरेषेवरून पुन्हा टोक नेलं की तिथे खळगा पडतो. म्हणून अक्षरं आधी आणि रेषा शेवटी बरी. चूक झाली तर किंचित ओल्या कापसाने ती लगेच टिपता येते, नंतर नाही. ही पाटी केकवर ठेवायची ती केक कापायच्या थोडं आधी. आदल्या दिवशी क्रीमवर टेकवून ठेवली तर ती खालून पाणी पिते आणि सकाळी अक्षरांना मिशा फुटलेल्या दिसतात.

मिरजगावचा भाग पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात हवा कोरडी आणि तापलेली, त्यामुळे पाटी झटपट वाळते. पण पेनाचं टोकही तसंच वाळतं. चैत्र-वैशाखात प्रत्येक शब्दानंतर टोपण लावायची सवय ठेवावी आणि पेन पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नये. पावसाळ्यात उलट होतं: साखर हवेतलं पाणी ओढते आणि फॉन्डंट दिवसभर ठेवूनही दमट लागतो. सगळ्यांत वाईट खेळ फ्रिजचा. पाटी फ्रिजमधून बाहेर काढली की हवेतली वाफ तिच्यावर दव होऊन बसते आणि लिहिलेलं वाहून जातं. लिहिलेली पाटी फ्रिजमध्ये घालायचीच नाही, हे सोपं. पेनं आडवी ठेवावीत. दोन्हीकडे टोकं असलेली तर आडवीच, नाहीतर एका टोकाची शाई दुसरीकडे उतरते. आणि ओल्या क्रीमला, कच्च्या अंड्याच्या मिश्रणाला टेकलेलं टोक परत टोपणात घालू नये. पेनातलं संरक्षक द्रव्य शाईपुरतं असतं, आपण आत नेलेल्या प्रत्येक गोष्टीला ते पुरं पडेलच असं नाही.

स्केच पेनाशी इतकं साम्य असल्यामुळे एक चुकीचा मार्ग फार जवळचा वाटतो. स्टेशनरीच्या दुकानातल्या पेनावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मुलाने टोक चघळलं तर अपाय होऊ नये, एवढाच. ते अन्नावर लिहायला केलेलं आहे असा त्याचा अर्थ होत नाही. रिकाम्या स्केच पेनात खाण्याचा रंग भरण्याचा जुगाडही टाळावा. धाग्यांत मुरलेला जुना रंग कितीही धुतलं तरी पूर्ण जात नाही. अन्नात न चालणारे रंग बाजारात किती सहज मिसळतात, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने दाखवून दिलं. जत्रेत मिळणाऱ्या म्हातारीच्या केसांत, म्हणजे कापूस-मिठाईत, रोडामिन बी हा कापड रंगवायचा रंग सापडला आणि तिथल्या सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली. छापील वर्तमानपत्रात वडे-भजी बांधून देऊ नका, असं भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणही, म्हणजे एफएसएसएआय, सांगत आलं आहे. २०१८ च्या वेष्टन नियमांत तर ते लिहूनच ठेवलं आहे. छपाईची शाई अन्नात उतरू नये, हेच तिथेही कारण.

म्हणून पेन घेताना वेष्टन उलटून पाहा. घटकांची यादी हवी, रंगांची नावं किंवा क्रमांक हवेत, वापरायची अंतिम तारीख हवी, एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक हवा आणि पेन परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. शाकाहारी असाल तर चौकटीतलं हिरवं वर्तुळ पाहा. परदेशी वेष्टनावर १२० हा क्रमांक दिसला तर तो कोचिनील किड्यांपासून केलेला लाल रंग असतो. यातलं काहीच छापलेलं नसेल आणि वर नुसतंच 'एडिबल' लिहिलं असेल, तर ते पेन परत पाठवा.

महिन्याला दोन-चारच केक होत असतील आणि तेही व्हिप क्रीमचे, तर पेनाच्या नादी लागू नका. चॉकलेटचा बारीक तोंडाचा कोन आणि ताटलीवर गिरवलेली थोडी जोडाक्षरं यांवर काम भागतं. बिस्किटं, पाट्या आणि रुखवत करत असाल, तर काळं आणि तपकिरी अशी दोन चांगली पेनं पुरेत.